कोरी भिंत तटस्थ नसते

बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयाचे सचिव बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी १९१६ साली 'सायंटिफिक मंथली' या मासिकात एक लेख लिहिला. लेखापेक्षा त्यातली छायाचित्रेच जास्त बोलकी होती. एका माणसाला संग्रहालयातल्या वस्तूंविषयी काही साधे प्रश्न दिले होते आणि त्यांची उत्तरे शोधताना त्याच्या शरीराला काय काय कसरत करावी लागते, हे कॅमेऱ्याने टिपले होते. कुठे तो कमरेत वाकला आहे, कुठे उकिडवा बसला आहे, कुठे मान वेळावून काचेच्या कपाटात डोकावतो आहे. संग्रहालयात तासाभरात माणूस थकतो, तो कलेचा कंटाळा येतो म्हणून नव्हे, तर वस्तू चुकीच्या उंचीवर, चुकीच्या खोलीवर आणि दाटीवाटीने मांडलेल्या असतात म्हणून, असा गिलमन यांचा निष्कर्ष होता. आज त्यात नवे काही वाटणार नाही; पण त्यातून निघणारी एक गोष्ट अजूनही पुरती पचनी पडलेली नाही. कलाकृती कुठे आणि कशी ठेवली आहे, यावर ती कितपत आणि काय म्हणून दिसेल हे ठरते. म्हणजे प्रदर्शनाची मांडणी करणारा वास्तुकार कलेला नुसते छप्पर आणि भिंत पुरवत नाही, तो कलाकृतीचा अर्थ लावत असतो. तसा तो लावणारच, त्याला इलाज नाही. तेव्हा त्याने अर्थ लावावा की नाही, हा प्रश्न फिजूल आहे. तो किती विचाराने आणि किती उघडपणे लावतो, एवढेच विचारण्यासारखे उरते.

वास्तुकाराच्या हातात नेमके काय असते, ते आधी पाहू. प्रदर्शनाचे काम हाती आले की बहुतेक कार्यालयांत दालनांची छोटी प्रतिकृती तयार होते आणि त्याच प्रमाणात लहान केलेल्या चित्रांच्या छापील प्रती तिच्या भिंतींवर चिकटवून, काढून, पुन्हा चिकटवून पाहिल्या जातात. पहिला प्रश्न असतो, दारातून आत पाऊल टाकताच नजर कशावर पडणार? दुसरा, तिथून पाहणारा वळणार कुठे? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर्थर मेल्टन यांनी १९३०च्या दशकात फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात प्रेक्षकांच्या हालचालींची पद्धतशीर नोंद केली. दालनात शिरल्यावर बहुतेक लोक उजवीकडे वळतात आणि बाहेर पडण्याचे दार दिसले की त्याची ओढ इतकी असते की वाटेतली चित्रे भराभर मागे पडतात, असे त्यांना आढळले. याचा सरळ अर्थ असा की डाव्या भिंतीच्या टोकाला टांगलेले चित्र आणि उजव्या भिंतीवरचे पहिले चित्र यांना सारखा न्याय मिळत नाही, मग दोन्ही एकाच चित्रकाराची आणि एकाच तोलाची का असेनात. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५५ सेंटिमीटरवर ठेवायचा, हा सर्रास पाळला जाणारा दंडकही उभ्या प्रौढ माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून आलेला आहे. लहान मुलाचा किंवा चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचा तो दंडक नव्हे. दोन चित्रांतले अंतर, चौथऱ्याची उंची, लेबल शेजारी की खाली, बाक कुठे ठेवायचे, या प्रत्येक ठिकाणी कोणाची तरी बाजू घेतली जाते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. एवढी उठाठेव हवी कशाला? पांढऱ्या भिंती रंगवा, समान प्रकाश टाका, चित्रे एका ओळीत लावा आणि बाजूला व्हा. बाकीचे चित्र आणि पाहणारा बघून घेतील. हा युक्तिवाद विनम्र वाटतो. पण पांढरी भिंत ही कलेची सनातन पार्श्वभूमी नाही, तिला वय आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या 'सलों' या मोठ्या कलाप्रदर्शनांमध्ये चित्रे चौकटीला चौकट भिडवून थेट छतापर्यंत लावत. कोणाचे चित्र नजरेच्या रेषेत आणि कोणाचे आढ्याला, यावरून चित्रकारांत हमरीतुमरी होई. राजवाड्यांतली आणि जुन्या संग्रहालयांतली दालने गडद लाल किंवा हिरव्या कापडाने मढवलेली असत आणि सोनेरी चौकटी त्यांवर खुलत. फिकट, मोकळ्या भिंतीवर दूर दूर लावलेल्या एकेरी ओळीचा जम बसला तो विसाव्या शतकात. १९२९ मध्ये सुरू झालेल्या न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचा त्यात मोठा वाटा होता. प्रत्येक चित्र स्वयंपूर्ण आहे, ते एकट्याने, शांतपणे, जगापासून तोडून पाहायचे असते, हे आधुनिक चित्रकलेचे मत त्या भिंतीतच चिणलेले आहे. समीक्षक ब्रायन ओ'डोहर्टी यांनी १९७६ साली 'आर्टफोरम'मधल्या लेखांत या 'पांढऱ्या पेटी'ची चिरफाड केली ती याच मुद्द्यावर. अमूर्त चित्राला ही पेटी मानवते, कारण ती त्याच्याच घरची आहे. चर्चच्या वेदीसाठी रंगवलेल्या फलकाला किंवा मिरवणुकीत नाचवायच्या मुखवट्याला तीच पेटी त्याच्या मूळ कामापासून तोडते आणि 'ही निव्वळ कला आहे' असे ठणकावून सांगते. मौन बाळगणाऱ्या भिंतीनेही अशा रीतीने आपले मत दिलेलेच असते.

आधुनिक कलेच्या ऐन भरात एल लिसिट्स्की या रशियन कलावंताने हे ओळखले होते. शिक्षणाने तो वास्तुकार होता. १९२७-२८ मध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या संग्रहालयात, संचालक अलेक्झांडर डॉर्नर यांच्या निमंत्रणावरून, त्याने अमूर्त कलेसाठी एक दालन रचले. भिंतींवर त्याने धातूच्या उभ्या पट्ट्या ओळीने बसवल्या आणि त्यांच्या दोन बाजूंना वेगवेगळे रंग दिले. त्यामुळे एका बाजूने येताना भिंत पांढरी दिसे, समोर उभे राहिल्यावर राखाडी आणि पुढे गेल्यावर काळी. काही चित्रांवरचे फलक प्रेक्षकाने हाताने सरकवायचे होते. एकच चित्र एकाच फेरीत तीन पार्श्वभूमींवर पाहायला मिळाले की 'खरी' पार्श्वभूमी कोणती, हा प्रश्न आपोआप निकालात निघतो. नाझी राजवटीने १९३७ साली ते दालन उद्ध्वस्त केले. पुढे त्याची पुनर्रचना झाली.

प्रकाशाचे प्रकरण याहून अवघड, कारण तिथे दिसणे आणि टिकणे यांची थेट गाठ पडते. कागदावरची चित्रे, लघुचित्रे, वस्त्रे यांच्यासाठी साधारण ५० लक्स (लक्स हे प्रकाशमापनाचे एकक) आणि तैलचित्रांसाठी सुमारे २०० लक्स, ही मर्यादा संग्रहालये पाळतात. प्रकाशाने होणारी हानी साचत जाते आणि भरून येत नाही. १०० लक्सखाली पाच तास आणि ५० लक्सखाली दहा तास यांची झीज जवळपास सारखीच. आता ५० लक्स म्हणजे उन्हातून थेट आत आलेल्या माणसाला अंधारच. म्हणून जाणता वास्तुकार लघुचित्रांचे दालन प्रवेशद्वाराला लागून ठेवत नाही. आधी एखादी मध्यम उजेडाची जागा, मग वळण, मग त्याहून मंद दालन, अशी उतरण तो रचतो आणि त्या चालण्याच्या मिनिटांत डोळे सरावतात. संग्रहालयातली वळणे-वाकणे पुष्कळदा शोभेची नसतात, ती बाहुलीला मोठे व्हायला दिलेला वेळ असतात. दिवसाचा उजेड आत घ्यायचा असेल तर त्याचे पाणी करून घ्यावे लागते. टेक्ससमधल्या फोर्ट वर्थ येथील किंबेल संग्रहालयात (१९७२) लुई कान यांनी काँक्रीटच्या लांबट कमानी छतांना माथ्यावर फट ठेवली आणि तिच्याखाली सच्छिद्र ॲल्युमिनियमचे परावर्तक टांगले. ऊन त्यांच्यावर आपटून काँक्रीटच्या पोटावर पसरते आणि तिथून रुपेरी होऊन चित्रांवर उतरते. ढग आला की दालनाचा नूर पालटतो. चित्र दिवसाच्या प्रहरांबरोबर पाहावे, हे इथे वास्तुकाराचे म्हणणे आहे; विजेच्या अचल प्रकाशात दडवलेल्या दालनाचे म्हणणे नेमके उलटे असते.

हे सगळे एका जागी एकवटलेले पाहायचे तर इटलीतल्या व्हेरोनाच्या कास्तेलव्हेक्कियो संग्रहालयाकडे वळायला हवे. मूळ किल्ला चौदाव्या शतकातला, देल्ला स्काला घराण्याचा. नेपोलियनच्या काळात तिथे लष्करी बराक उठली आणि १९२०च्या दशकात तिच्या दर्शनी भागावर जुन्या वाड्यांच्या गॉथिक खिडक्या बसवून तिला खोटाच मध्ययुगीन साज चढवण्यात आला. दुसऱ्या महायुद्धानंतर संचालक लिचिस्को मगान्यातो यांनी व्हेनिसच्या कार्लो स्कार्पा यांना पाचारण केले; मुख्य काम १९६४ पर्यंत चालले. संग्रहातले सर्वांत मानाचे शिल्प म्हणजे कानग्रांदे देल्ला स्काला याची अश्वारूढ मूर्ती. १३२९ मध्ये मरण पावलेला हा व्हेरोनाचा अधिपती. घोड्यावर झूल, पाठीवर लोंबणारे शिरस्त्राण आणि चेहऱ्यावर कोड्यात टाकणारे हसू. मूळची ही मूर्ती त्याच्या थडग्यावर, सांता मारिया अंतिका या चर्चच्या दाराशी उंच उभी होती. ती दालनाच्या मधोमध चौथऱ्यावर ठेवणे सर्वांत सोपे होते. स्कार्पांनी ते केले नाही. बराकीचा किल्ल्याच्या तटाला खेटलेला शेवटचा भाग त्यांनी पाडून टाकला, त्यामुळे वेगवेगळ्या शतकांचे बांधकाम एकमेकांपासून सुटे होऊन उघडे पडले. त्या पोकळीत, पहिल्या मजल्याच्या उंचीवर, भिंतीतून पुढे काढलेल्या काँक्रीटच्या फलाटावर, किंचित तिरक्या कोनात घोडेस्वार उभा केला. वर तुटत गेल्यासारखे भासणारे छत, खाली अंगण. पाहणाऱ्याला तो आधी खालून, मान उंचावून दिसतो, जसा तो चर्चच्या दाराशी दिसत असे. मग वाट त्याच्या बाजूने जाते, आणि वरच्या मजल्याच्या पुलावरून जाताना तो जवळजवळ समोर येतो. शेकडो वर्षे खालच्या माणसाला जे हसू नीट दिसले नव्हते, ते तिथे हाताच्या अंतरावर असते. एकाच मूर्तीचे स्मारक म्हणून असलेले दूरत्व आणि शिल्प म्हणून असलेले बारकावे, दोन्ही राखले गेले आहेत. या जागेसाठी केलेली स्कार्पांची असंख्य रेखाटने संग्रहालयाने जपून ठेवली आहेत, त्यावरून हा निर्णय किती घासून पुसून झाला असेल याची कल्पना येते.

तळमजल्यावरच्या शिल्पांच्या दालनांतही हाच कस लावलेला दिसतो. जमिनीची नवी फरशी भिंतीपर्यंत नेलेली नाही. कडेला बारीक खाच सोडून ती थांबते, त्यामुळे जुने काय आणि नवे काय याबद्दल फसगत होत नाही. शिल्पे भिंतीला पाठ लावून रांगेत उभी नाहीत. प्रत्येकाला आपला चौथरा, आपली उंची आणि आपला कोन आहे, आणि आत येणाऱ्याकडे सगळ्यांनी तोंड केलेले आहे असेही नाही. चेहरा पाहायचा तर प्रेक्षकाला वळसा घालावा लागतो आणि तो घालताना शिल्पाची घडण चारही अंगांनी नजरेखालून जाते. पोसान्यो या गावी शिल्पकार कानोव्हा याच्या प्लास्टर प्रतिमांच्या संग्रहालयाचा जो विस्तार स्कार्पांनी १९५५ ते ५७ दरम्यान केला, त्यात तर त्यांनी रूढ संकेतच उलटा केला. पांढरे शिल्प उठून दिसायला गडद भिंत हवी, ही सर्वमान्य समजूत. त्यांनी भिंती पांढऱ्याच ठेवल्या आणि छताच्या कोपऱ्यांतून उजेड आत सोडला. पांढऱ्यावर पांढरे ठेवले की बाह्यरेषा पुसट होते आणि नजर सावल्यांकडे, पृष्ठभागाच्या चढउतारांकडे वळते. प्लास्टर सूर्याबरोबर दिवसभर बदलत राहते. इथेही भिंत पांढरीच आहे, पण सवयीने आलेली नव्हे. कारणाने आलेली आहे. आधुनिक दालनांतला पांढरा रंग आणि हा पांढरा रंग यांतला फरक एवढाच, आणि माझ्या लेखी तो फार मोठा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. असे स्वातंत्र्य दिले की वास्तुकार कलेला झाकोळून टाकतो. याचा पुरावा म्हणून न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाकडे बोट दाखवले जाते, आणि ते रास्तच आहे. फ्रँक लॉइड राइट यांनी चित्रांसाठी एक अखंड चक्राकार उतार कल्पिला. पायाखालची जमीन तिरकी, भिंती वक्र आणि बाहेरच्या बाजूला झुकलेल्या. चित्र घोडीवर असते तसे किंचित मागे रेललेले दिसावे, अशी त्यांची इच्छा होती. इमारत पुरी होण्याआधीच, १९५६ मध्ये, २१ कलावंतांनी निषेधाचे पत्र लिहिले. त्यांत विलेम डी कूनिंग आणि फ्रान्झ क्लाइन हेही होते. ऑक्टोबर १९५९ मध्ये संग्रहालय उघडले तेव्हा राइट हयात नव्हते आणि संचालक जेम्स जॉन्सन स्वीनी यांनी चित्रे भिंतीला न टेकवता पुढे काढलेल्या दांड्यांवर उभी लावली होती. माझ्या मते इथे वास्तुकाराचा दोष मत मांडण्यात नाही, मत कलाकृतीकडे न पाहता मांडण्यात आहे. स्कार्पांचा फलाट एका विशिष्ट मूर्तीच्या इतिहासातून आणि तिच्या चेहऱ्यातून निघाला. तो दुसऱ्या शिल्पाला बसणार नाही. राइट यांचा उतार कुठल्याही एका चित्रातून निघालेला नव्हता, तो सगळ्या चित्रांना सरसकट लागू होता. मापदंड मिळतो तो इथे. मांडणीतला प्रत्येक निर्णय या विशिष्ट कलाकृतीबद्दल काहीतरी सांगतो का? सांगत असेल तर तो अर्थबोध आहे, नसेल तर शिरजोरी.

तिसरा आक्षेप प्रेक्षकाच्या बाजूने येतो. मांडणी जर मत सांगत असेल, तर ते पाहणाऱ्यावर लादणे नव्हे का? या प्रश्नाला सर्वांत धीट उत्तर ब्राझीलमध्ये दिले गेले. रोममध्ये जन्मलेल्या आणि १९४६ मध्ये ब्राझीलला गेलेल्या लीना बो बार्दी यांनी साओ पावलोच्या कला संग्रहालयासाठी चित्रांना भिंतीच ठेवल्या नाहीत. १९६८ साली उघडलेल्या त्या इमारतीच्या मोठ्या दालनात प्रत्येक चित्र काचेच्या उभ्या तावावर लावले होते आणि तो ताव काँक्रीटच्या ठोकळ्यात लाकडी पाचरीने घट्ट केलेला होता. दारातून पाहिले की सगळा संग्रह एकदम दिसे, अधांतरी उभ्या असलेल्या गर्दीसारखा. चित्रकाराचे नाव आणि माहिती मागच्या बाजूला. म्हणजे आधी चित्र पाहा, मग नाव वाचा. शतकांचा क्रम नाही, देशांच्या कप्प्यांची सक्ती नाही, वाट ज्याची त्याने शोधायची. टीकाकार म्हणाले, एका चित्राकडे पाहताना पलीकडची दहा चित्रे आणि माणसांचे पाय डोळ्यांत येतात, इतिहासाचा धागा तुटतो. तक्रार खोटी नाही. १९९६ मध्ये या काचा हटवून दालनात नेहमीसारख्या भिंती घालण्यात आल्या, आणि २०१५ मध्ये काचा परत आल्या. या ये-जा करण्यातून जे शिकायचे ते हे की दोन्ही मांडण्यांनी प्रेक्षकाला काहीतरी सांगितलेच होते. भिंतींनी सांगितले, कला म्हणजे ओळीने वाचायचा इतिहास. काचांनी सांगितले, प्रत्येक चित्र म्हणजे पुढची आणि पाठचीही बाजू असलेली एक घडवलेली वस्तू. लादणे टाळता येत नाही. पण दुसऱ्या प्रकारात आपल्याला काहीतरी सांगितले जात आहे हे प्रेक्षकाला दारातच कळते आणि मग तो वादही घालू शकतो. पहिल्या प्रकारात वाद कशाशी घालायचा हेच ध्यानात येत नाही.

एक आक्षेप मात्र पुरता खोडता येत नाही. कलेविषयीचे ज्ञान बदलत असते. आज ज्या मूर्तीचा कर्ता एक मानला जातो, तो उद्या दुसरा ठरतो. काही वस्तू नव्याने संग्रहात येतात, काही मूळ मालकांकडे परत जातात. काँक्रीटमध्ये ओतलेली मांडणी अशा वेळी अडचण होऊन बसते. स्कार्पांची दालने स्वतःच वारसा ठरल्यामुळे त्यांतले एखादे शिल्प हलवायचे म्हणजे आता नव्याने वाद. फ्रान्को अल्बिनी यांनी १९५० च्या सुमारास जेनोव्हाच्या पालाझ्झो बियांकोमध्ये मूळच्या नसलेल्या चौकटी काढून टाकून चित्रे उघडी टांगली. त्या काळी तो शुद्धतेचा आग्रह होता, आज कोणी म्हणेल की चौकटीही चित्राच्या आयुष्याचाच भाग. म्हणून उघडपणाबरोबर दुसरी अट हवी, ती म्हणजे माघारीची सोय. अपवाद त्या कलाकृतींचा, ज्यांचे स्थान संग्रहाच्या केंद्रात पक्के आहे. एरवी चौथरे, आडभिंती, दिव्यांच्या पट्ट्या पुढच्या पिढीला मूळ इमारतीला ओरखडा न उठवता काढता याव्यात. बो बार्दी यांच्या काचा एकदा गेल्या आणि पुन्हा आल्या, हे त्या रचनेचे मोठेपण आहे.

आपल्याकडे हा विषय परका नाही. मुंबईत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय १९९६ पासून आहे ते सर कावसजी जहांगीर सभागृहाच्या जुन्या इमारतीत. सभा-संमेलनांसाठी बांधलेल्या या गोलाकार वास्तूचे वास्तुकार रोमी खोसला यांनी कलादालन केले. सपाट चित्र आणि गोलाकार वास्तू यांची तडजोड तिथे प्रत्येक नव्या प्रदर्शनाला नव्याने करावी लागते, आणि ती कधी साधते, कधी फसते. पण साधली की फसली, हे बोलण्याची आपल्याला सवय नाही. परीक्षणात चित्रकाराविषयी लिहिले जाते, फार तर निवड करणाऱ्या क्युरेटरविषयी. चित्रे ज्या उंचीवर, ज्या उजेडात, ज्या शेजाऱ्यासोबत पाहिली त्याबद्दल चकार शब्द नसतो. नाटकाच्या जाहिरातीत नेपथ्यकाराचे नाव असते, पुस्तकाच्या आत मुखपृष्ठकाराचे असते. प्रदर्शनाच्या दाराशी मांडणी करणाऱ्याचे नाव आणि त्याने ती तशी का केली याची चार ओळींची टीप लावायला खर्च काहीच येत नाही. संग्रहालयांनी ती लावावी आणि प्रेक्षकांनी ती मागावी. ज्या मांडणीला स्वतःचे कारण सांगता येत नाही, तिने पांढऱ्या भिंतीआड लपू नये.